शेजारच्या सीटवरचा ब्रेक

"चूक तुमची आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पिलं व्हायच्या आधी नराला वेगळ्या पेटीत ठेवा."

"बायको बाळंत होतेय आणि नवऱ्याला घराबाहेर काढायचं? मला नाही जमलं."

"नाही जमलं ना, मग बघा आता. पाच पोरं अंगावर पितायत आणि पुन्हा दिवस गेलेत तिला."

"त्यावर तू दोन आठवडे बोलतेयस आणि मी ऐकतोय. पण आत्ता विषय गाडीचा आहे."

"गाडीचा विषय संपला."

"कधी?"

"तुम्ही काढलात तेव्हाच."

मावशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभी राहून एका लाकडी पेटीच्या झाकणाला बारीक भोकं पाडत होती. समोर काका, हातात गाडीची किल्ली. ही किल्ली त्यांनी मावशीच्या पर्समधून केव्हा काढली ते तिला कळलंच नव्हतं, आणि तिला राग बहुतेक त्याचाच आला होता.

सगळ्याचं मूळ दारावर चिकटवलेल्या कागदात होतं. इमारतीला वाळवी लागली होती. दुपारी बारा वाजता औषध फवारणारे येणार, आणि पुढचे दोन दिवस आत माणूस नको, जनावर नको, कुंडीतलं झाडसुद्धा नको. माणसांची सोय कुठेही लागते. प्रश्न वहिनींचा होता.

वहिनी म्हणजे जर्बिल. उंदरापेक्षा जरा थोराड, अंगाचा रंग वाळूसारखा, लांब शेपटीच्या टोकाला केसांचा गोंडा. काही खुट्ट झालं की ती मागच्या दोन पायांवर उभी राहून, पुढचे हात छातीशी धरून, सासूबाई दारात आल्यासारखी बघत राहते. तिचा नवरा दादा. मावशीने ही नावं ठरवून ठेवली नव्हती. ती त्यांना पहिल्या दिवसापासून अशीच हाका मारू लागली आणि मग तीच राहिली. दीड वर्षापूर्वी मावशीकडे गाडी शिकलेल्या, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंची बदली झाली. "पंधरा दिवस ठेवाल का," म्हणून त्या ही जोडी काचेच्या टाकीसकट ठेवून गेल्या. त्यांचे पंधरा दिवस अजून चालूच आहेत.

फवारणीचे दोन दिवस वहिनी, दादा आणि चौदा दिवसांची पाच पिलं आमच्या घरी, म्हणजे मावशीच्या थोरल्या बहिणीकडे राहणार होती. गाडीने तीन तास. मी सामान उचलायला आले होते. मी मावशीची सख्खी भाची. ती बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवते आणि मला गाडी येत नाही. ही गोष्ट ती चारचौघांत काढत नाही.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, हलवू नका. मावशी म्हणाली, हलवावंच लागणार आहे. मग डॉक्टर म्हणाले, घरट्यासकट हलवा, त्यातला एक तुकडाही बदलू नका. ज्या हाताचा वास ती ओळखते त्याच हातांनी पेटी मांडीवर धरा. आणि धक्का नको. एखादा चालेल. पण पुन्हा पुन्हा घाबरली तर दूध पाजायचं सोडून देईल, पिलांना काहीही करील. पोटात आणखी आहेत, तिचा जीव आधीच जड झालाय.

ओळखीचे हात मावशीचेच. म्हणजे पेटी तिच्या मांडीवर, आणि मांडीवर पेटी म्हणजे स्टिअरिंगवर दुसरं कोणीतरी. यासाठी तिने आपली एक जुनी विद्यार्थिनी ठरवली होती, दातांची डॉक्टर. "सगळ्यांत हलका ब्रेक तिचा," असं मावशीचं मत. सकाळी आठ वाजता तिचा फोन आला. गाल सुजलेला एक पेशंट दवाखान्याच्या दारात येऊन बसला होता.

तेव्हापासून किल्ली काकांच्या हातात होती.

मावशीला सगळे ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर मॅडम. तिच्या स्कूलची एकच गाडी आहे, पांढरी, टपावर 'शिकाऊ' अशी लाल अक्षरांची पाटी, आणि शेजारच्या सीटसमोर तिच्या पायांसाठी वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच. बावीस वर्षं ती त्या सीटवर बसली आहे. तिच्या उजव्या चपलेचा तळ डाव्या चपलेच्या दुप्पट वेगाने झिजतो, आणि चपला दुरुस्त करणारा आता न विचारता एकाच चपलेला सोल लावून देतो. बसमधून जाताना पुढे कोणी आडवं आलं की तिचा पाय जमिनीवर दाबला जातो. सिनेमात गाड्यांचा पाठलाग सुरू झाला की पुढच्या खुर्चीवरचा माणूस वळून बघतो. काका तर म्हणतात, "झोपेतसुद्धा ब्रेक मारते. माझ्या पोटरीवर."

शिकवायची तिची एक पद्धत आहे. चुकलं की ती बोलते, आणि सविस्तर बोलते. आरसा का बघितला नाही, इथपासून सुरुवात करून शाळेत बाक कोणता होता तुझा, इथपर्यंत जाते. पण विद्यार्थी तयार झाला की शाब्बास नाही, छान नाही, काही नाही. गाडी कडेला लागली की ती दार उघडते, उतरते आणि सरळ निघून जाते. पहिल्यांदा हे ज्याच्या बाबतीत होतं तो घाबरतो. मग जुन्यांपैकी कोणीतरी त्याला सांगतं, अरे, बाई न बोलता गेल्या म्हणजे तू परीक्षेचा फॉर्म भर. एक निवृत्त हेडमास्तर तर तसेच गाडीत बसून रडले होते म्हणे, पंचेचाळीस दिवस बोलणी खाल्ल्यावर.

चार महिन्यांपूर्वी वहिनींना पहिली पिलं झाली. चार. त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी भिंतीला ड्रिल लावलं, आणि त्या आवाजाने वहिनी दचकते म्हणून मावशीने घाईघाईत टाकी उचलून दुसऱ्या खोलीत नेली. वहिनी जास्तच बिथरली. एकेक पिल्लू तोंडात धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेत राहिली, पाजायला म्हणून बसलीच नाही. तिसऱ्या दिवशी चारही गेली. मावशी कोणाशी काही बोलली नाही. कुंडीतल्या मातीत त्यांना ठेवलं, हात धुतले आणि सकाळच्या शिकवणीला गेली. त्या आठवड्यात ती गाडीत इतकी गप्प होती की दोन कच्च्या पोरांना आपण पास झालो असं वाटलं.

म्हणून या खेपेला नऊ वाजत आले तरी टेबलाशी भांडण चालू होतं.

"बरं, समजा दिली गाडी," मावशी म्हणाली. "चालवणार कशाच्या जोरावर?"

"लायसन्सच्या."

"कोणाच्या?"

"माझ्या."

काकांनी पाकिटातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मावशीने हातातली अरी खाली ठेवली, डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला. कार्ड उलटं केलं, सुलटं केलं, फोटो काकांच्या चेहऱ्याशी ताडून बघितला.

"सहा वर्षं झाली याला."

"होत आली."

"शिकवलं कोणी?"

काका जरा वेळ किल्लीकडे बघत राहिले. "ते मंडईमागचं स्कूल."

"त्यांच्याकडे?"

"हो."

"ते लोक चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायला शिकवतात."

"मला नाही शिकवलं. मी आधीच म्हटलं होतं, तसलं काही शिकवू नका, घरी कळेल."

मावशी माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

मी पेटीच्या भोकांकडे बघू लागले.

"आणि हिच्या आईला?"

"तिला माझ्या आधी," मी म्हटलं.

"म्हणजे सगळ्यांना माहीत आणि मलाच नाही."

"एका माणसापासून लपवायचं तर बाकीच्यांना सांगून ठेवावं लागतं," काका म्हणाले. "नाहीतर कोणीतरी सहज तुझ्यासमोर बोललं असतं."

काकांची पुस्तकबांधणीची कार्यशाळा आहे. दोन ठिकाणी; एका खोलीत पानांची शिवण होते आणि दीड मैलावरच्या दुसऱ्या खोलीत पुठ्ठा चढतो. दोन्हींच्या मधे एक छोटी व्हॅन फिरते. ती व्हॅन कामगार चालवतो आणि काका शेजारी बसतात, अशी मावशीची सहा वर्षांची समजूत होती. खरं म्हणजे बारा वर्षांपूर्वी काकांनी मावशीकडेच शिकायला सुरुवात केली होती. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडी चौकात बंद केली, उतरले आणि पायी घरी आले. त्यानंतर घरात गाडी शिकण्याचा विषय कोणी काढला नाही.

मावशीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग काचेच्या टाकीकडे. वहिनी कागदाच्या कात्रणांच्या ढिगात बसली होती. ही कात्रणं काका रोज कार्यशाळेतून पिशवी भरून आणतात. तिच्या पोटाखाली काहीतरी वळवळत होतं.

"पाटी वर राहील," मावशी म्हणाली.

"कुठली?"

"शिकाऊ."

"राहू दे."

"आणि मी म्हणीन तिथे थांबायचं."

"थांबीन."

"आणि बोलायचं नाही."

"हे मात्र तू पाळायचंस," काका म्हणाले आणि खाली गाडी काढायला गेले.

घरटं हलवायला मावशीला पाऊण तास लागला. दोन्ही तळवे कात्रणांच्या खाली घालून तिने तो सगळा गोळा, पिलांसकट, आईसकट, तसाच उचलून पेटीत ठेवला. वर स्वतःच्या जुन्या सुती गाऊनचा तुकडा. दादा दुसऱ्या पेटीत, माझ्याजवळ मागच्या सीटवर, उशिरा का होईना डॉक्टरांचं ऐकून. सव्वादहाला आम्ही निघालो.

गल्लीतले चार गतिरोधक काकांनी असे पार केले की मला ते खिडकीतून बघून मोजावे लागले. मावशी पेटीकडे कमी आणि रस्त्याकडे जास्त बघत होती. "आरसा." "बघितला." "उजवीकडचा." "तोही." पहिल्या सिग्नलला एक स्कूटर आडवी घुसली आणि गाडी झटकन थांबली.

पेटीतून आवाज आला. ठकठकठक, ठकठकठक. जर्बिल घाबरलं की मागचे पाय जमिनीवर आपटतं, बाकीच्यांना धोका कळावा म्हणून. माझ्या शेजारच्या पेटीतून दादाने लगेच तसंच उत्तर दिलं.

"एक," मावशी म्हणाली.

शहराबाहेर पडताना ट्रक दिसला आणि पुन्हा झटका बसला. "दोन." मग एका वळणावर, मग एका पुलापाशी. मग उगाचच, रस्ता रिकामा असताना. लांबवर फक्त एक कुत्रं कडेने चालत होतं. दर वेळी पुढून ठकठक, मागून ठकठक, आणि मावशीचा आकडा. काका काही बोलत नव्हते. त्यांचे कान तेवढे लाल होत चालले होते. मागून येणारी गाडी पाटी बघून हॉर्न वाजवायची, आम्हाला ओलांडताना आत वाकून बघायची आणि साठीचा शिकाऊ बघून हसून पुढे जायची.

पाचव्या धक्क्यानंतर मावशीने गाऊनचा कोपरा उचलला आणि तिचा आवाजच बदलला.

"कडेला घ्या."

टायर पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानापुढे काकांनी गाडी थांबवली. मी पुढे वाकून बघितलं. वहिनी उभी होती, तोंडात एक पिल्लू मानेच्या कातडीला धरलेलं. ते घेऊन ती एका कोपऱ्यात गेली, तिथून परत, पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यात. बाकीची चार उघडी पडली होती, डोळे मिटलेली, अंगावर नुकती लव आलेली, एकमेकांवर चढत होती.

"पाच धक्के," मावशी म्हणाली. ती ओरडत नव्हती, म्हणून जास्त वाईट वाटत होतं. "तासाभरात पाच. मागच्या वेळी मी एकदाच टाकी उचलली होती. एकदाच. मी कशाला ऐकलं तुमचं? बसने गेले असते, रिक्षाने गेले असते. वाळू वाहायची गाडी आहे का ही?"

काकांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. "पहिला माझा होता," ते म्हणाले. "ती स्कूटर आली तेव्हा."

"आणि बाकीचे चार?"

"बाकीच्या चारांना मी पाय लावलेला नाही."

"म्हणजे गाडी आपोआप थांबली."

काका वळले आणि तिच्या पायाकडे बघू लागले. मग मी बघितलं. मग मावशीने पेटी जरा बाजूला कलवून स्वतः बघितलं. गाडी बंद होती, हँडब्रेक ओढलेला होता, आणि तिचा उजवा पाय आपल्या पेडलवर टाचेपासून बोटांपर्यंत दाबलेला होता.

पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. 

"मी मुद्दाम नाही..." मावशी म्हणाली.

"माहीत आहे मला."

"तुम्हाला आधीपासून कळत होतं?"

"दुसऱ्या धक्क्याला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायचं नाही, असं ठरलं होतं ना."

मावशीने पाय मागे घेतला. तो थोडा वेळ तिथे राहिला आणि रस्त्यावरून एक बस जोरात गेली तशी पुन्हा पुढे सरकला. तिने तो ओढून घेतला. "काढ म्हणून सांगू नका," ती म्हणाली. "मी काढते, तो जातो. तो माझं ऐकत नाही."

"मग मागे बसतेस?"

"मागे आणखी उसळतं. सगळ्यात कमी हादरा याच सीटला बसतो, हे मला तुम्ही सांगू नका."

मग तिने पेटी एका हाताने उचलून धरली, दुसऱ्या हाताने चपला काढल्या आणि मान न वळवता मागे माझ्याकडे दिल्या. "ठेव तुझ्याजवळ. मागितल्या तरी देऊ नकोस." आणि सीटवर पाय वर घेऊन चक्क मांडी घालून बसली. पट्टा लावला. पेटी मांडीत बसवली. बावीस वर्षांत त्या सीटवर तिचे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून उठल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. एरवी उंच दिसणारी मावशी अशी मांडी घालून बसल्यावर शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीएवढी दिसायला लागली.

"आता दहा मिनिटं निघायचं नाही," ती म्हणाली.

आम्ही थांबलो. मावशीने गाऊनखाली हात घातला आणि कात्रणांत नुसता ठेवून दिला, काही न करता. पंक्चरवाल्याने येऊन विचारलं, काय झालं, हवा भरायची का. काकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि खुणेने सांगितलं, आत बाळंतीण आहे. त्याने खिडकीतून मागच्या सीटवर मला नीट बघून घेतलं, माझ्या मांडीवरच्या पिशव्या बघितल्या, आणि आपला रेडिओ बंद केला.

बाराव्या मिनिटाला मावशी म्हणाली, "खाली ठेवलं." आणखी थोड्या वेळाने, "बसली त्यांच्यावर. निघा. हळू."

तिथून पुढचा रस्ता काकांचा होता. ते गाडी चालवतात म्हणजे नेमकं काय करतात ते सांगणं अवघड आहे, कारण काही करताना दिसतच नाहीत. गिअर बदलला हे इंजिनाच्या आवाजावरून कळायचं, अंगाला कळायचं नाही. खड्डा आला की गाडी त्याला जणू आधीपासून ओळखत असल्यासारखी बाजूने जायची. मावशी सुरुवातीला मांडी घट्ट दाबून बसली होती. उजव्या पायाचा अंगठा तेवढा वळवळत होता. अर्ध्या तासाने तोही थांबला.

"हे तळं कधी झालं?" तिने विचारलं.

"तू जन्मायच्या आधी."

"मी महिन्यातून दोनदा या रस्त्याने येते. लांबचा सराव घ्यायला."

"रस्त्याने येतेस. तळं रस्त्याच्या कडेला आहे."

"पोरं झाडावर गाडी घालतील, मी तळं कसलं बघतेय." पण ती ते दिसेनासं होईपर्यंत बघत होती. पाण्यावर कोणीतरी सतरंज्या धूत होतं. पुढे एक वीटभट्टी लागली, मग सूर्यफुलांचं शेत, आणि प्रत्येकाचं तिला नवल वाटत होतं. "बघ गं, केवढी फुलं," असं ती मला म्हणाली. माझ्या आठवणीत मावशीने गाडीत बसून मला रस्त्याबाहेरची दाखवलेली ती पहिलीच वस्तू.

मग बऱ्याच वेळाने, खिडकीबाहेर बघतच, तिने विचारलं, "त्यांच्याकडे का गेलात?"

"कोणाकडे?"

"मंडईमागे."

काकांनी थोडा विचार केला. "शिवलेल्या पुस्तकांच्या पाठीला खळ लावली की ती ओली असतानाच दुसऱ्या खोलीत न्यावी लागतात. तिथे दाबायला ठेवायची. वाटेत गठ्ठा जरा जरी सरकला तरी पाठ वाकडी होते, आणि एकदा वाकडी झालेली पाठ सरळ होत नाही. व्हॅन चालवायला जो पोरगा होता त्याने एका महिन्यात ऐंशी पुस्तकं वाकडी केली. मग म्हटलं, आपणच शिकावं."

"ते कळलं. माझ्याकडे का नाही?"

"आलो होतो की. तीन दिवस."

"चौथ्या दिवशी यायचं होतं."

"तू शिकवतेस चांगली. त्यात वाद नाही. पण तुझा पाय सतत त्या ब्रेकवर. मी थांबवायच्या आधी तू थांबवायचीस. मला तीन दिवसांत एकदाही कळलं नाही की गाडी माझ्याने थांबते का."

 गाऊनखालचा हात मावशीने किंचित हलवला. "कुरतडतेय पुठ्ठा," ती थोड्या वेळाने म्हणाली. "कुरतडते म्हणजे बरी आहे."

"माझाच पुठ्ठा आहे तो," काका म्हणाले.

आमचं घर अर्ध्या तासावर आलं असताना चढ संपून उतार लागला. समोर एक ट्रक होता, कोबीने भरलेला. उतारावर त्याची मागची फळी उघडली आणि कोबी रस्त्यावर सांडायला लागले. एक, मग दहा, मग सगळेच. हिरवे गोल गड्डे उड्या मारत आमच्याकडे येत होते. डाव्या बाजूने सायकलवर एक म्हातारा, उजवीकडून समोरची बस.

मावशीच्या तोंडून अर्धा शब्द निघाला. तिचं अख्खं अंग पुढे गेलं, पण पाय मांडीत अडकलेले होते आणि मांडीवर पेटी होती. तिच्याकडे मारायला ब्रेक नव्हता. तिने दोन्ही हातांनी पेटी पोटाशी धरली आणि डोळे मिटले.

काकांनी पाय फक्त उचलला. गाडी आपणहून मंदावली. खालचा गिअर, मग त्याच्या खालचा, शेवटी ब्रेकवर पायाचा नुसता भार. एक कोबी चाकाच्या बाजूने गेला, एक बंपरला टेकून थांबला, तोवर बस निघून गेली आणि म्हातारा कडेला उतरला. गाडी थांबली आहे हे मला बाहेरचं झाड हलेनासं झालं तेव्हा कळलं.

आम्ही तिघं पेटीचा आवाज ऐकत होतो. ठकठक नाही. नुसती कुरतड, कुर्रकुर्र, एकसारखी.

मावशीने डोळे उघडले. समोर बघितलं, मागचा आरसा बघितला, स्पीडोमीटर बघितला. काहीतरी शोधत असावी, म्हणायला. मग म्हणाली, "पार्किंगचे दिवे लावा, मागून कोणी येईल."

"लावलेत."

तिने ते लागलेत का तेही वाकून बघितलं.

घरी आईने तयारी केली होती. सामानाची खोली रिकामी केलेली, घड्याळाचा सेल काढून ठेवलेला, वरच्या मजल्यावरच्यांना खुर्च्या ओढू नका म्हणून निरोप गेलेला. आई दारात कुजबुजत बोलत होती. "आलात? सगळी बरी आहेत का गं धाकटे? की पुन्हा..."

"थांब, बघू दे आधी."

मावशीने पेटी खोलीच्या मधोमध जमिनीवर ठेवली आणि तिथेच बसली. आम्ही दारात दाटीने उभे. तिने गाऊन बाजूला केला, कात्रणांचा एकेक थर दोन बोटांनी उचलला. वहिनी आडवी पसरली होती, पोट एका बाजूला टेकलेलं, मोठं, जड. तिच्या कुशीत ओळीने पिलं होती. मावशी तोंडातल्या तोंडात मोजत होती आणि आई तिच्यामागून बोटं मुडपत होती. पाच. पाचही पीत होती. शेवटच्याने मधेच मान वर केली. त्याचा एक डोळा किलकिला उघडला होता, टाचणीच्या डोक्याएवढा, काळा, चकचकीत.

"डोळा उघडला याने," मावशी म्हणाली. "गाडीत उघडला असेल."

"म्हणजे जगात पहिल्यांदा बघितलं ते तुझा गाऊन," आई म्हणाली.

मावशी हसली. पाठीचा कणा सैल सोडून, भिंतीला टेकून हसली. मी दादाची पेटी शेजारी आणून ठेवली. त्याने जाळीला नाक लावलं. वहिनीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले. तिला सध्या त्याच्याशी काही बोलायचं नव्हतं.

काका चौकटीला टेकून उभे होते. किल्ली अजून त्यांच्या हातात होती. एकदा त्यांनी घसा खाकरला, मग तो खाकरणं पेटीला ऐकू जाईल म्हणून थांबवला. मग हळू आवाजात म्हणाले, "मग?"

"मग काय?"

"नाही, म्हटलं, विचारावं. त्या मंडईमागच्या लोकांच्या वतीने विचारतोय. त्यांनी बरं शिकवलं की नाही."

मावशी पेटीत बघत राहिली.

"माझं काही नाही," काका म्हणाले. "पण परत जाताना गाडी कोणीतरी चालवणारच. तीन तास बसलीस शेजारी. काहीतरी मत झालं असेल."

"सांग की गं त्याला काहीतरी," आई म्हणाली. "बारा वर्षं थांबलाय."

मावशीने गाऊनचा तुकडा पेटीवर नीट पसरला, एक कोपरा हवेसाठी दुमडला. गुडघ्यावर हात टेकून उठली. माझ्या हातातल्या चपला तिने मागितल्या नाहीत, नुसत्या काढून घेतल्या आणि पायात सरकवल्या. मग काकांच्या अगदी जवळून, त्यांच्याकडे न बघता, ती दारातून बाहेर पडली.

काका सरळ उभे राहिले. त्यांनी हाताने शर्टाची कॉलर नीट केली. आम्ही तिघंही कान देऊन होतो. तिची पावलं पायरी उतरली, अंगणातून गाडीच्या दिशेने गेली. गाडी नीट लावलीय का, चाकं सरळ आहेत का, हे बघायला सुद्धा ती थांबली नाही, तशीच पुढे फाटकाबाहेर गेली.